तिकीट पलीकडच्या दारात

दारावरच्या माणसानं मला काही विचारलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. इस्तंबूलमध्ये आया सोफियाच्या चौकाकडच्या दाराशी आम्ही चौघं उभे होतो, दोघी बायका आणि दोघं पुरुष. आम्हा दोघींच्या डोक्याला स्कार्फ होते, दोघींचे चेहरे गव्हाळ आणि उन्हानं रापलेले. त्यानं आमच्याकडे पाहून हातानंच ‘या, या’ केलं आणि मागच्या दोघांना तितक्याच अदबीनं पलीकडचा रस्ता दाखवला. तिकीट तिकडे. माझी मैत्रीण आत सरकली. मी एक पाऊल टाकलं आणि थांबले. मान हलवली, मागच्या दोघांकडे बोट दाखवलं, ‘मी यांच्याबरोबर’ असं काहीतरी पुटपुटत मागे आले. त्यानं खांदे उडवले आणि पुढच्या माणसाकडे वळला. पुरतं अर्धं मिनिटही गेलं नसेल त्यात. पण त्या अर्ध्या मिनिटानं मला पुढे सगळ्या शहरभर सोडलं नाही.

नियम साधा आहे. आया सोफिया 2020 साली पुन्हा मशीद झाली आणि जानेवारी 2024 पासून परदेशी पर्यटकांसाठी वेगळं दार आणि 25 युरोंचं तिकीट आलं. पर्यटकांनी वरच्या सज्जात जायचं, नमाजाला येणाऱ्यांनी खाली, फुकट. कुणाच्या कपाळावर काय लिहिलंय ते दारावरचा माणूस अंदाजानं वाचतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. दिवसाला हजारो माणसं त्याच्यापुढून जातात, आणि माणसं बघून वेगळी करायची म्हटल्यावर डोळ्यांनाच काम करावं लागतं.

वेगळं करण्याचं काम आम्हालाही नवं नव्हतं. आम्ही चौघंही ग्रंथपाल. एका परिषदेसाठी आलो होतो, ती संपल्यावर कुणाची विमानं उशिराची होती, कुणी मुद्दाम रजा जोडून घेतली होती, आणि नाश्त्याच्या टेबलावर ओळख होऊन आमची टोळी जमली. खरी नावं इथे देत नाही, आपल्या पद्धतीनं गावावरून आडनावं पाडते. जकार्ताकर, मुसलमान, पाच वेळचं टायमिंग फोनमध्ये लावलेली आणि तरीही नाश्त्याला सगळ्यांत उशिरा येणारी. सेबूकर, फिलिपिन्सचा, कॅथलिक, गळ्यात क्रूस आणि खिशात सतत काहीतरी खायला. रोझारिओकर, अर्जेंटिनाचा ज्यू, आजीच्या माहेरची माणसं इझमिरहून बोटीनं गेलेली. आणि मी. ओळख झाली त्याच सकाळी रोझारिओकरनं ड्यूईच्या वर्गीकरणात, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांना विषयवार आकडे देण्याच्या पद्धतीत, आमच्या जागा शोधल्या. ज्यू धर्म 296, इस्लाम 297, हिंदू 294.5. ‘म्हणजे आपण तिघं एका फळीवर, खांद्याला खांदा लावून,’ तो म्हणाला. ‘आणि या गृहस्थाला 220 पासून 280 पर्यंत अख्खी भिंत!’ सेबूकरनं भिंतीच्या मालकाला शोभेल अशा ऐटीत सगळ्यांना केळ्याचे वेफर्स वाटले. 1876 साली एका अमेरिकन माणसानं जगाचे धर्म कसे मांडले यावर ग्रंथपाल सोडून कुणालाही हसू येणार नाही, पण आम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. वर्गीकरण आपल्याला लागू होईपर्यंत फार गमतीदार असतं.

वरच्या सज्जात जायला पायऱ्या नाहीत, वळणावळणानं चढत जाणारा दगडी उतार आहे. फरशी इतकी घासलेली की काही ठिकाणी बुटाच्या टाचेखाली ती साबणासारखी वाटते. भिंतींना ओल आहे आणि गार, जुन्या चुन्याचा वास. त्या अंधारातून वर आलं की एकदम प्रकाश अंगावर येतो आणि माणूस कठड्याकडे ओढला जातो. मीही गेले. खाली हिरवट निळा गालिचा पसरलेला आणि त्यावरच्या रेघा तिरक्या. मला आधी वाटलं, गालिचा घालणाऱ्यांचं चुकलं. मग उमगलं. 537 साली इमारत पुरी झाली ती चर्च म्हणून, उगवतीच्या रोखानं. मक्का इथून आणखी दक्षिणेकडे. त्यामुळे मिहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, मध्यावर नाही, जरा उजवीकडे सरकलेला आहे, आणि नमाजाच्या ओळी इमारतीच्या अक्षाला छेद देत जातात. खांब एकीकडे बघतात, माणसं दुसरीकडे. 1453 साली तुर्कांनी शहर जिंकलं, त्यानंतरच्या लोकांनी पाडापाडी न करता एवढाच बदल केला, की आपण थोडं वळून उभं राहायचं. मला तो तिरकेपणा घुमटापेक्षा जास्त आवडला. घुमटाबद्दल सगळेच बोलतात.

त्या गालिच्यावर जकार्ताकर दिसली. वरून तिचा राखाडी स्कार्फ नखाएवढा. ती मध्यावर उभी राहून मान मागे टाकून वर बघत होती, मग बाजूच्या लाकडी आडोशामागे, बायकांच्या जागेकडे गेली. सेबूकरनं हात हलवला.

तिचं लक्ष नव्हतं.

आम्ही तिघं वर फिरत राहिलो. दक्षिणेकडच्या सज्जात तेराव्या शतकातलं ते येशूचं मोझेक आहे, एका बाजूला मेरी, दुसऱ्या बाजूला योहान. खालचा निम्मा भाग गळून गेलाय, चेहरे तेवढे शाबूत. खिडकीतून येणारा उजेड चेहऱ्यावर जिथून पडतो तिथूनच तो पडावा अशा बेतानं सावल्या रंगवल्यात. सेबूकर तिथे बराच वेळ गप्प होता, आणि त्याच्या गप्प बसण्याची आम्हाला सवय नव्हती. जवळच जमिनीत एक दगड आहे, व्हेनिसचा म्हातारा, आंधळा दोज, म्हणजे तिथला राज्यप्रमुख, एन्रिको दांदोलो याच्या नावाचा. चौथ्या धर्मयुद्धाची फौज घेऊन तो जेरुसलेमला म्हणून निघाला आणि 1204 साली त्या फौजेनं हेच शहर लुटलं, याच चर्चमध्ये धुडगूस घातला. ख्रिस्ती लोकांनी ख्रिस्ती लोकांचं. सेबूकर दगडाला वळसा घालून गेला, त्याच्यावर पाय पडू न देता. ‘माझीच माणसं,’ तो म्हणाला. ‘पोपनं 2001 साली अथेन्सला जाऊन त्याबद्दल खेद व्यक्त केला, तेव्हा मी शाळेत होतो. मला वाटलं होतं, आठशे वर्षांनी काय सॉरी म्हणायचं! इथे उभं राहिल्यावर वाटतं, बरं झालं म्हणाले.’ रोझारिओकरला मात्र सम्राज्ञी झोईचं मोझेक सापडलं होतं. तिच्या शेजारच्या सम्राटाचं डोकं आणि नाव बदललेलं आहे, नवरा बदलला तसं. तिसऱ्या नवऱ्यावर येऊन चित्र थांबलंय. त्याच्या पुढच्या सगळ्या विनोदांना तेवढं भांडवल पुरलं.

माझं मात्र दाराशी झालेल्या त्या गोष्टीतच अडकलं होतं. मी मागे का आले? प्रामाणिकपणा, हे पहिलं उत्तर. नमाज पढायचा नाही, तर पढणाऱ्यांच्या दारानं जाऊ नये. पटण्याजोगं आहे. पण प्रामाणिकपणा इतक्या झटकन येत नाही, निदान माझा तरी नाही. दुकानदारानं सुटे पैसे जास्त दिले तर मी आधी दोनदा मोजते. इथे मी मोजलं नाही, विचार केला नाही, अंग आपोआप मागे सरलं. कुणीतरी मला मुसलमान समजलं आणि ते दुरुस्त करण्याची मला घाई झाली. ज्या देशात मला कुणी ओळखत नाही, जिथे त्या समजुतीनं माझं काडीचं नुकसान नव्हतं, उलट 25 युरो वाचत होते आणि मैत्रिणीबरोबर घुमटाखाली उभं राहता येत होतं, तिथे. घाई कशाची होती? सज्जातल्या त्या देखण्या उजेडात मला हा प्रश्न नको होता. मी फोटो काढत राहिले. घरी आल्यावर पाहिले तर निम्मे हललेले.

बाहेर चहाच्या टेबलावर आम्ही भेटलो तेव्हा जकार्ताकरनं आम्हाला खालचं सांगितलं. गालिचा किती जाड आहे, अनवाणी पावलांना कसा लागतो, एक लहान मुलगा घुमटाखाली गोल गोल फिरून चक्कर येऊन पडला आणि आजूबाजूच्या बायका कशा हसल्या, आठ मोठ्या गोल फलकांवरची अक्षरं खालून कशी अंगावर येतात. मोझेकं तिनं आमच्या फोनवर पाहिली. झोईचा किस्सा रोझारिओकरनं पुन्हा रंगवून सांगितला आणि मग म्हणाला, ‘पुढच्या वेळी मला एक टोपी दे, मी तुझा भाऊ म्हणून येतो. 25 युरो म्हणजे गंमत नाही.’ ती हसली. मग साखर ढवळता ढवळता म्हणाली, ‘ये की. पण आत आल्यावर काय करशील?’ तो म्हणाला, ‘तू करशील ते.’ ‘मी जे करते ते सगळं दिसत नाही,’ ती म्हणाली. क्षणभर टेबलावर कुणी बोललं नाही. मग माझ्याकडे वळून, अगदी सहज, ‘तू मात्र विंचू चावल्यासारखी मागे गेलीस गं!’

मी म्हणाले, अगं, तिकीट न काढता कसं यायचं. तिनं मान डोलावली. तिला ते पटलं नव्हतं, आणि पटलं नाही हे मला कळलंय हे तिला कळलं होतं. बायकांच्या मैत्रीत असे करार बोलून होत नाहीत.

दुसऱ्या दिवशी रोझारिओकरची पाळी होती. गलाता भागातलं नेवे शालोम हे सिनगॉग पाहायला त्याला जायचं होतं. 1492 साली स्पेननं ज्यूंना हाकललं तेव्हा सुलतान दुसऱ्या बायझीदनं त्यांना आपल्या राज्यात घेतलं, त्या लोकांचे हे वारस. त्याची आजी स्वयंपाकघरात त्याच जुन्या स्पॅनिश वळणाचं बोलायची आणि अर्जेंटिनातले शेजारी तिला हसायचे, असं तो सांगत होता. पण सिनगॉगचं दार म्हणजे दार नव्हेच, तिजोरी. पासपोर्ट, तपासणी, एक दार बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. त्याला कारण आहे. 1986 साली इथे शनिवारच्या प्रार्थनेला बसलेल्या 22 जणांना मारलं गेलं, 2003 साली बाहेर ट्रकबाँब फुटला. त्यामुळे इथला रखवालदार अंदाजानं काही वाचत नाही, कागद मागतो.

आदल्या रात्री बोटीवर त्याचं आणि जकार्ताकरचं वाजलं होतं. गाझातलं युद्ध सुरू होतं आणि इतके दिवस आम्ही तो विषय चहाच्या ट्रेसारखा एकमेकांच्या डोक्यावरून नेत होतो. तिनं फोनवर काहीतरी पाहिलं आणि बोलली. तो बोलला. आवाज चढले नाहीत, उलट दोघं इतक्या हळू बोलायला लागले की इंजिनाच्या घरघरीत आम्हाला अर्धं ऐकूच येईना. तिच्याकडे मेलेल्या मुलांचे आकडे होते, त्याच्याकडे ओलीस धरलेल्या एका चुलत नातेवाइकाच्या मित्राचं नाव होतं. सेबूकर सीगलना सिमितचे, म्हणजे तिळाच्या गोल पावाचे, तुकडे टाकत राहिला. मी बोस्फोरसवरचे दिवे बघत होते, म्हणजे बघायचं ढोंग करत होते. दोघांपैकी कुणाचंही मत तसूभर हललं नाही. अशा गप्पांतून माणसं जवळ येतात वगैरे मी वाचलेलं आहे. त्या रात्री तरी तसं काही दिसलं नाही. उतरताना त्यानं तिला आधाराला हात पुढे केला, तिनं तो घेतला नाही, कठडा धरला. ती एरवीही परपुरुषाचा हात धरत नाही, हे मला नंतर आठवलं. त्यालाही आठवलं असेल का, कुणास ठाऊक.

सकाळी मात्र ती हजर. गलाताच्या चढावर आमच्याबरोबर धापा टाकत आली, सिनगॉगच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि म्हणाली, ‘मी इथे बसते.’ गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा खरंच दुखत होता, मी पाहत होते. पण तेवढंच नव्हतं. तिला कुणी अडवलं नव्हतं, पासपोर्ट तिच्याही पिशवीत होता. आम्ही आत गेलो, त्यानं डोक्याला किपा लावली, झुंबराखाली उभा राहून फोनवर आईला व्हिडिओ कॉल लावायचा प्रयत्न केला, रेंज मिळेना. शेजारच्या संग्रहालयात जुन्या लग्नपत्रिका होत्या, त्या त्यानं एकेक वाचल्या, बोट काचेवर ठेवून. बाहेर आलो तर ती एका दुकानाच्या पायरीवर मांजर घेऊन बसलेली, आणि तिच्याशेजारी कागदात बांधलेली चार बोरेक. चारच. त्यानं त्यातली मोठी उचलली आणि दोघं पुढे चालायला लागले. कशावरून तरी पुन्हा वाद घालत, पण हा वाद जवळचा ट्रामस्टॉप कुठला याचा होता.

‘आणि तुझं काय?’ सेबूकरनं मला मागून विचारलं. ‘आमची सगळ्यांची देवळं पाहून झाली. तुझं कुठाय?’

माझं तिथे काहीच नव्हतं. माझ्या नावाचं एकही दार या शहरात नव्हतं, ना फुकटचं, ना तिकिटाचं, ना पासपोर्टचं. सगळीकडे मी पाहुणी. आणि पाहुणीचं बरं असतं. इस्तिकलाल रस्त्यावरच्या सेंट अँथनी चर्चमध्ये मी सेबूकरच्या शेजारी मेणबत्ती लावली, सुलेमानिये मशिदीच्या अंगणात नळाखाली पाय धुतले, सिनगॉगमध्ये बाकावर बसले, आणि प्रत्येक ठिकाणी मनात छानसं, उबदार काहीतरी वाटलं. सगळे मार्ग एकाच ठिकाणी जातात वगैरे. हे वाक्य मला लहानपणापासून इतकं पाठ आहे की ते मनात उमटतं तेव्हा मी विचार करतेय की नुसती म्हणतेय हे सांगता येत नाही. पण दगडाला वळसा घालून जावं लागलं सेबूकरला. गल्लीच्या तोंडाशी बसून राहावं लागलं जकार्ताकरला. काचेवर बोट ठेवावं लागलं रोझारिओकरला. माझं कुठे काय अडलं? मला कशाचीच किंमत द्यावी लागली नाही. एकदाच, एका दाराशी, कुणीतरी मला पाहुणीऐवजी घरातली समजलं, आणि तेवढ्यानं माझं सगळं औदार्य दोन पावलं मागे आलं. बाकीचं शहरभर पसरलेलं औदार्य मग मला जरा स्वस्तातलं वाटायला लागलं. सेबूकरला मी एवढं काही सांगितलं नाही. म्हटलं, माझी देवळं फार लांब आहेत. त्यानं वेफर्स पुढे केले.

शेवटी आम्ही बुयुकादा बेटावर गेलो. तारीख होती 23 एप्रिल, सेंट जॉर्जचा दिवस. बेटाच्या टोकावर, दोनशे मीटर उंचीच्या टेकडीवर आया योर्गी हा ग्रीक ऑर्थोडॉक्स मठ आहे, आणि या दिवशी तिथे चढणाऱ्यांमध्ये बहुतेक सगळे मुसलमान असतात. हे वाचलं होतं, तरी बोटीत शिरताना विश्वास बसेना. डोक्याला रुमाल बांधलेल्या आज्या, कॉलेजच्या पोरी, लेकराला खांद्यावर घेतलेले बाप, सगळे सेंट जॉर्जकडे. टेकडीच्या पायथ्याशी दोऱ्याची रिळं विकायला होती. टोक खाली झुडपाला बांधायचं आणि रीळ उलगडत, न बोलता, वरपर्यंत जायचं. दोरा तुटला नाही तर मागितलेलं मिळतं. वाटेच्या दोन्ही बाजूंच्या झुडपांवर लाल, निळे, पिवळे दोरे इतके गुंतलेले की मूळ पानं कुठली ते दिसेना. पायाखालची वाट ओबडधोबड दगडांची, चढ असा की बोलू नका हा नियम पाळायला फार श्रद्धा लागत नाही, दमच उरत नाही.

रोझारिओकरनं निळं रीळ घेतलं आणि पहिल्याच वळणावर तोडलं. सेबूकरनं घेतलं नाही. कॅथलिक असून ऑर्थोडॉक्स मठात त्याला प्रसाद घेता येत नाही, हे तो दोनदा सांगून झाला होता, पण मेणबत्त्यांचा जुडगा घेऊन सगळ्यांत पुढे तोच. जकार्ताकर म्हणाली, ‘मी चढायला येते. दोरा नको. संताकडे मागणं माझ्यात बसत नाही.’ आणि तिच्या दोन्ही अंगांनी तिच्यासारखेच स्कार्फ बांधलेल्या तुर्की बायका ओठ मिटून, रीळ सोडत, घामाघूम होऊन चढत होत्या. एकीनं तिला आपली समजून तुर्कीत भराभर काहीतरी सांगितलं आणि आपलं रीळ तिच्या हातात दिलं, चपलेचा पट्टा नीट करेपर्यंत धर म्हणून. जकार्ताकरनं ते चिमटीत धरलं, अगदी ताठ, दोरा ताणला जाणार नाही आणि सैलही पडणार नाही असं. मी तिच्याकडे बघत होते. तिनं कुणाला काही दुरुस्त केलं नाही. पट्टा झाला, रीळ परत केलं, मान झुकवली, पुढे निघाली.

मी लाल रीळ घेतलं होतं. माझं तुटलं नाही. म्हणजे एकदा काट्यात अडकलं, ते मी सोडवून घेतलं. मोजायचं की नाही ते सेंट जॉर्जनी ठरवावं. वर मठाच्या अंगणात ज्यांचं मागच्या वर्षीचं मागणं पुरं झालं होतं त्या बायका साखरेचे चौकोन वाटत होत्या, धर्म न विचारता प्रत्येकाच्या तळहातावर एकेक. वरच्या उपाहारगृहात बसल्यावर जकार्ताकरनं आपला चौकोन चहात टाकला. ‘ही देवाची साखर नाही, त्या बाईची आहे,’ ती म्हणाली. ‘तिचं काम झालं म्हणून ती वाटतेय. यात मला अडचण नाही.’ मग चमचा बशीत ठेवून विचारलं, ‘तू काय मागितलंस?’

खरं तर चढताना काही सुचलंच नव्हतं. मोठ्या गोष्टी मागाव्यात तर ज्याच्याकडे मागायच्या त्याच्याशी आधीची ओळख हवी. शेवटच्या वळणावरून खाली धक्का दिसला, तिथली रांग दिसली, आणि जे मनात आलं तेच मागून टाकलं होतं. मी म्हणाले, परतीच्या बोटीत चौघांना बसायला जागा मिळू दे. ती इतकी जोरात हसली की शेजारच्या टेबलावरच्या माणसांनी वळून पाहिलं.

जागा मिळाली नाही. शहरातल्या काबाताशच्या धक्क्यापर्यंत उभ्यानंच आलो.